स्पॅनिश लोक नक्की कशाच्या मागे गेले? (त्रुहियोच्या चौकातून एक शंका)

दोन_घोट_चहा (धागाकर्ता)

माझा भाचा नववीत आहे. मागच्या आठवड्यात त्याचा व्हॉट्सॲप आला, "मामा, तू स्पेनमध्ये आहेस ना? मग सांग, स्पॅनिश दर्यावर्दी नवे प्रदेश जिंकायला का निघाले? तीन गुण." मी काही टाइप करायच्या आत त्याचाच पुढचा मेसेज: "गाइडमध्ये सोनं, धर्म आणि कीर्ती असं दिलंय. चालेल?" चालेल म्हटलं. तीन गुणांना तीन शब्द, हिशेब चोख.

त्याच शनिवारी त्रुहियोला गेलो आणि ते तीन शब्द डोक्यातून जाईनात. कामानिमित्त मी सध्या एस्त्रेमादुरात राहतो. स्पेनच्या पश्चिमेचा, पोर्तुगालला लागून असलेला हा भाग. उन्हाळ्यात इथलं माळरान पाहिलं की आपला माणदेश आठवतो. करपलेलं गवत, मधूनमधून ओकची बुटकी झाडं, फरक एवढाच की झाडाखाली मेंढ्यांऐवजी बऱ्याचदा काळी डुकरं. त्रुहियोच्या चौकात ब्राँझचा घोडेस्वार आहे, शिरस्त्राणावर पिसांचा तुरा. हा फ्रान्सिस्को पिसारो, पेरू जिंकणारा. मागे चर्चच्या मनोऱ्यावर करकोच्यांची घरटी. आणि चौकाच्या एका कोपऱ्याला दगडी वाडा, नावच 'विजयाचा वाडा'. कोपऱ्यावरच्या गॅलरीच्या दोन्ही अंगांना दगडात कोरलेले चार चेहरे आहेत. एकीकडे पिसारो आणि त्याची इंका राजघराण्यातली जोडीदारीण इनेस, दुसरीकडे त्यांची मुलगी फ्रान्सिस्का आणि तिचा नवरा एर्नांदो. हा एर्नांदो म्हणजे पिसारोचा सावत्र भाऊ, मुलीचा काकाच. पेरूची मालमत्ता घरातच राहिली पाहिजे ना!

मला जे खटकलं ते असं. एस्त्रेमादुराला समुद्रच नाही. तरी पिसारो आणि ॲमेझॉन नदी धुंडाळणारा ओरेयाना त्रुहियोचे, मेक्सिको जिंकणारा कोर्तेस इथून तासाभरावरच्या मेदेयिनचा, पॅसिफिकपर्यंत पोचलेला बाल्बोआ दक्षिणेकडच्या हेरेस दे लोस काबायेरोसचा. सोनं कुणाला नको असतं? धर्म काय फक्त यांनाच होता? मग नेमकी याच कोरड्या मुलखातली माणसं का उठली?

माझं मत मांडतो, चुकत असेल तर कान धरा. ही माणसं राजाचे सैनिक नव्हतीच. त्यांना कुणी पगार देत नव्हतं. ते भागीदार होते, आणि बरेचसे कर्जात बुडालेले भागीदार. २६ जुलै १५२९ ला टोलेडोत राणीच्या सहीने पिसारोला करारपत्र मिळालं. त्यात त्याला पेरूचा गव्हर्नर केलं आणि वर्षाला ७,२५,००० मारावेदी (तेव्हाचं स्पॅनिश नाणं) पगार ठरवला. पगार कुठून? जो मुलूख अजून जिंकायचा होता त्याच्याच उत्पन्नातून! मोहीम फसली तर राजाचं फारसं काही जात नाही, जमली तर लुटीचा पाचवा हिस्सा राजाचा. बाकी घोडा, तलवार, जहाज, खाणंपिणं ज्याचं त्याने बघायचं. अशा बोलीवर घरदार सोडून कोण जातं? ज्याला मागे काही उरलेलं नाही, तो.

इथल्या घरंदाज कुटुंबांत वाड्याची वाटणी टाळायला बहुतेक सगळं थोरल्याच्या नावावर करायची पद्धत होती. धाकट्यांना तीन वाटा: चर्च, राजाची चाकरी, नाहीतर समुद्र. पिसारोचं तर त्याहून अवघड, बापाला लग्नाबाहेर झालेला मुलगा, लिहितावाचताही येत नव्हतं. (लहानपणी डुकरं राखायचा म्हणतात, पण ती दंतकथाच दिसते.)

तर मंडळी, सोनं-धर्म-कीर्ती हे उत्तर तुम्हाला पुरेसं वाटतं का?

मेतकूट_भात

छान लिहिलंय, वाचनखूण साठवली. पण मूळ कारण १४५३ नाही का? तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल घेतलं, मसाल्याचा रस्ता बंद झाला, म्हणून युरोपीय लोक नवा रस्ता शोधायला निघाले. आम्हाला तरी असंच शिकवलं.

नाना_फिरस्ते

मेतकूट, हे आपल्या सगळ्यांच्याच मानगुटीवर बसलेलं वाक्य आहे. रस्ता बंद झाला नव्हता हो. मिरी-लवंग मुख्यतः इजिप्तमार्गे अलेक्झांड्रियाला यायची आणि तिथून व्हेनिसचे व्यापारी उचलायचे. इजिप्त तुर्कांच्या हातात गेलं १५१७ मध्ये, म्हणजे वास्को द गामा कालिकतला पोचून १९ वर्षं झाल्यावर! अडचण बंद रस्त्याची नव्हती, वाटेतल्या दलालांची होती. शिवाय पोर्तुगीज आफ्रिकेला वळसा घालून पुढे निघालेले, १४८८ मध्ये त्यांचा बार्तोलोमेउ दियास दक्षिण टोकापलीकडे जाऊन आला. स्पेनला मागे राहायचं नव्हतं.

आणि धागाकर्त्याच्या मुद्द्याला पुस्ती जोडतो. कोलंबसाचा करार पाहा, एप्रिल १४९२, ग्रानादा (स्पेनमधलं शेवटचं मुसलमानी राज्य) पडून जेमतेम साडेतीन महिने झाले होते. ॲडमिरलकी वंशपरंपरेने, सापडेल त्या मुलखाचा व्हाइसरॉय, आणि मिळेल त्या सोन्या-मोत्यांचा, मसाल्याचा दहावा हिस्सा. राणी इसाबेलने दागिने गहाण टाकून पैसे दिले ही गोष्ट गोड आहे पण खरी नाही. दरबारी हिशेबनीस लुइस दे सांतान्हेलने रक्कम उभी करून दिली. कोलंबसाच्या डोक्यात जेरुसलेम सोडवायचं खूळही होतं हे खरं, सोनं मिळालं की त्यातून ती मोहीम काढा असं त्याने रोजनिशीत लिहून ठेवलंय. म्हणजे सोनं आणि धर्म हे दोन मुद्देसुद्धा त्याच्या डोक्यात वेगळे नव्हते.

मसाल्याचंच म्हणाल तर मॅगेलनची सफर बघा. १५१९ ला ५ जहाजं निघाली, १५२२ ला एक परत आलं, त्यात १८ माणसं. पण त्या एका जहाजातल्या लवंगांनी सफरीचा खर्च भरून निघाला. बाकीच्या माणसांचा हिशेब लवंगेत होत नाही, तो भाग वेगळा.

मांडवीकाठ

आम्हा गोंयकारांना या विषयात जरा हात घालू द्या. १४९३ मध्ये पोप अलेक्झांडर सहावा (स्वतः स्पॅनिश!) याने समुद्रावर रेघ मारून दिली आणि पुढच्या वर्षी तोर्देसियासला स्पेन-पोर्तुगालने ती केप व्हर्दे बेटांच्या पश्चिमेला ३७० लीगवर (लीग म्हणजे तेव्हाचं अंतराचं माप) सरकवली. पूर्वेकडचं पोर्तुगालचं, पश्चिमेकडचं स्पेनचं. त्या रेघेच्या अलीकडे आम्ही पडलो म्हणून १५१० ला गोवा घ्यायला पोर्तुगीज आल्बुकेर्क आला, कोर्तेस नाही आला.

दोघांची हाव एकच, धंद्याची रीत वेगळी. पोर्तुगिजांनी किल्ले बांधले, समुद्रात जहाजं अडवून परवान्याचे पैसे उकळले. इथे आधीच बाजार होते, राजे होते, तोफा होत्या, त्यांना आत घुसून सगळं गिळणं परवडलं नसतं. स्पॅनिशांना कॅरिबियन बेटांवर बाजारच सापडला नाही. मग विकायचं काय? तर माणसांची मेहनत.

अवांतर: १५८० ते १६४० या काळात पोर्तुगालचा राजा आणि स्पेनचा राजा एकच माणूस होता. म्हणजे ६० वर्षं गोवाही त्याच दरबाराचा. हे सांगितलं की आमच्याकडेही लोक चमकतात.

सनदी_लेखापाल

मला इतिहास कळत नाही, ताळेबंद कळतो. धागाकर्ते म्हणतात भागीदारी होती. मग आकडे टाका. भांडवल कुणी घातलं, नफा कसा वाटला, माणशी किती आलं? त्याशिवाय सगळं हवेत.

दोन_घोट_चहा

लेखापाल साहेब, तुमच्यासाठीच दोन ताळेबंद. एक फायद्यातला, एक तोट्यातला.

फायद्यातला आधी. पेरूतलं काहामार्का, १६ नोव्हेंबर १५३२. पिसारोबरोबर १६८ माणसं, ६२ घोडेस्वार आणि १०६ पायदळ. पायदळ म्हणजे कवायती शिपाई समजू नका. त्यात शिंपी होते, लोहार होते, न्हावी होता, दवंडी पिटणारा होता, लेखनिक तर बरेच. इंका राजा आताहुआल्पाला पकडलं. सुटकेसाठी त्याने साधारण २२ फूट बाय १७ फुटांची खोली हात पोचेल तिथपर्यंत सोन्याने भरून द्यायचं कबूल केलं आणि पुढच्या काही महिन्यांत खरंच सोनं येत राहिलं. भांडी, पत्रे, मूर्ती, सगळं तिथल्याच सोनारांकडून वितळवून घेतलं. राजाचा पाचवा हिस्सा काढून घोडेस्वाराला साधारण ८,८८० पेसो (सोनं मोजायचं तेव्हाचं माप) सोनं आणि पायदळाला त्याच्या निम्मं, ४,४४० पेसो, शिवाय चांदी. घोड्याचाही वाटा धरलाय हे लक्षात घ्या, घोडा हे भांडवल.

आता गंमत. पिसारोचा चिटणीस फ्रान्सिस्को दे हेरेस याने तिथले बाजारभाव लिहून ठेवलेत. घोडा दीड हजार पेसोंच्या पुढे, बुटांचा जोड ३० ते ४०, कागदाचा एक ताव १० पेसो, लसणाचा गड्डा अर्धा पेसो! आणि मला सगळ्यात बोलकी वाटलेली नोंद: ज्यांच्या डोक्यावर कर्ज होतं ते लोक सोन्याचं ओझं एका इंडियन (म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी) माणसाच्या पाठीवर लादून घरोघर सावकारांना शोधत फिरत होते, पैसे घ्या म्हणून. जगातलं सगळ्यात मोठं घबाड हाती लागल्यावर पहिलं काम कुठलं, तर उधारी फेडणं.

एप्रिल १५३३ ला पिसारोचा जुना भागीदार आल्माग्रो नव्या माणसांसह तिथे पोचला. उशीर झाला. त्यांना वाटणीत किरकोळ रक्कम मिळाली. इंका राजा जिवंत आहे आणि सोनं त्याच्या खंडणीत धरलं जातंय तोवर यांच्या पदरात काही पडणार नव्हतं. म्हणून पुढे कूच करा, या राजाचा निकाल लावा असा त्यांचा धोशा. जुलैमध्ये आताहुआल्पाला मारलं. भीती, अफवा, धर्म अशी कारणं दिली गेली, पण वाटणीचं गणित त्यात नव्हतं असं म्हणवत नाही.

आता तोट्यातला ताळेबंद. १३ ऑगस्ट १५२१ ला तेनोच्तित्लान पडलं, आस्तेकांची राजधानी, आजचं मेक्सिको शहर. वर्षभर आधी रात्रीतून पळताना स्पॅनिशांनी गोळा केलेलं बरंच सोनं तळ्यात गेलं होतं आणि अंगावर सोनं लादून पळणारेही त्याबरोबर बुडाले. नंतर वाटणी केली तेव्हा, बेर्नाल दियास हा त्यातलाच शिपाई लिहितो, घोडेस्वाराला ८० पेसो, बाकीच्यांना ६० नाहीतर ५०. आणि घोडा उधारीवर घेतलेला ८०० ते १००० पेसोंना, धनुष्यबाण म्हणजे क्रॉसबो ५०-६० ला. दोन वर्षं मरमर लढून एका क्रॉसबोचे पैसे!

सनदी_लेखापाल

म्हणजे काहामार्काचा एक शेअर वर गेला म्हणून सगळ्यांनी पैसे लावले आणि बहुतेकांचे बुडाले. हे मला अगदी समजलं. रोज बघतो.

पाटीपेन्सिल

एवढं लिहायची गरजच काय? लुटारू होते, लुटायला गेले. विषय संपला. उगाच त्यांच्या गरिबीचं कौतुक नको. गरीब तर आपलेही होते.

दोन_घोट_चहा

कौतुक कुठे केलं दादा? दरोडेखोराचं कर्ज सांगितलं म्हणून दरोडा माफ होत नाही.

पण 'लुटायला गेले' यात एक अडचण आहे. नुसतं लुटायचं असतं तर लूट घेऊन परत आले असते. काही आलेही. हेरेस स्वतः सेव्हियाला परतला. पण बहुतेक राहिले. कारण त्यांना हवी होती ती चीज सोन्याहून टिकाऊ होती: एन्कोमिएन्दा. म्हणजे अमुक गावं, अमुक सरदार आणि त्याची माणसं तुझ्याकडे 'सोपवली'. ती माणसं तुला धान्य, कापड, सोनं देणार, तुझ्या शेतात-खाणीत राबणार, बदल्यात तू त्यांना ख्रिस्ती धर्म शिकवायचा आणि वेळ आली तर राजासाठी हत्यार उचलायचं. एस्त्रेमादुरात जो कुणीच नव्हता तो तिकडे शंभर घरांचा धनी. स्वतः कुदळ न उचलता जगणारा, दारात घोडा असलेला माणूस. त्यांच्या बोलण्यात एक शब्दप्रयोग येतो, 'बालेर मास', आपल्या भाषेत वजन वाढणं, चारचौघांत किंमत येणं. कीर्ती म्हणजे गाइडवाली कीर्ती नव्हे, गावात मान.

मोडी_वाचतो

म्हणजे वतन! वतनासाठी आपल्याकडे लोकांनी काय काय केलं ते पाहिलेल्याला हे नवीन नाही.

नाना_फिरस्ते

थांबा, वतन म्हणताना जरा जपून. एन्कोमिएन्दात जमीन मिळत नव्हती, कागदावर तरी. मिळायची ती माणसांची मेहनत आणि वसुली. शिवाय ती कायमची वंशपरंपरेने मिळावी म्हणून हे लोक धडपडत होते आणि राजा ते द्यायला तयार नव्हता, नवे सरंजामदार उभे राहतील ही भीती. १५४२ च्या नव्या कायद्यांनी राजाने ती मोडायला घेतली तेव्हा पेरूत बंडच झालं. पिसारोचा आणखी एक भाऊ गोन्सालो त्याचा पुढारी. राजाच्या व्हाइसरॉयला १५४६ मध्ये लढाईत मारलं, दोन वर्षांनी गोन्सालोचं डोकं उडालं. सोन्यासाठी राजाविरुद्ध कुणी एवढं उठलं नव्हतं. माणसं हातची जाणार म्हटल्यावर उठले.

आणि याच व्यवस्थेत पुढची मोहीम दडलेली आहे. कॅरिबियनमधल्या हिस्पॅनिओला बेटावरची माणसं खाणीत राबून आणि रोगाने मेली, सोनंही संपलं. उशिरा आलेल्यांना वाटायला काही उरलं नाही. की चला पुढच्या बेटावर. हिस्पॅनिओलावरून १५०८ ला पोर्तो रिको, १५०९ जमैका, १५११ क्युबा. क्युबातून मेक्सिको. प्रत्येक ठिकाणचे नाराज लोक पुढच्या ठिकाणचे विजेते.

दोन_घोट_चहा

नाराज लोकांवरून आठवलं. तेनोच्तित्लाननंतरची ती ५०-८० पेसोंची वाटणी झाल्यावर कोर्तेस कोयोआकानला एका चुना दिलेल्या वाड्यात राहत होता. रोज सकाळी उठून बघतो तर पांढऱ्या भिंतीवर कोळशाने लिहिलेलं काहीतरी: यमक जुळवलेले टोमणे, सोनं एकट्याने गिळलं वगैरे. कोर्तेसही बहाद्दर, तोही खाली यमकातच उत्तर लिहायचा. प्रकरण फार वाढलं तेव्हा त्याने लिहिलं, 'पांढरी भिंत, मूर्खांचा कागद'. खालून उत्तर आलं, शहाण्यांचाही! म्हणजे हा धागाच म्हणायचा, फक्त संपादक आणि ज्याच्यावर धागा तो, दोघे एकच. मग कोर्तेसने काय केलं? कुरकुरणाऱ्यांना दूरच्या प्रांतांत वसाहती करायला धाडून दिलं. नानांची साखळी ती हीच.

कोर्तेसची स्वतःची गोष्टही तशीच. क्युबाचा गव्हर्नर वेलास्केस याने त्याला फक्त शोध आणि देवघेव करायला पाठवलं होतं, वसाहत करायची परवानगी नव्हती. कोर्तेस गळ्यापर्यंत कर्जात. फेब्रुवारी १५१९ मध्ये ११ जहाजं, पाचशेच्या आसपास शिपाई आणि १६ घोडे घेऊन निघाला. वेलास्केसने परत बोलावलं, हा थांबला नाही. किनाऱ्यावर उतरून वेराक्रूस नावाचं 'गाव' कागदोपत्री स्थापन केलं, त्या गावाच्या नगरपालिकेकडून स्वतःची नेमणूक करून घेतली, जहाजं मोडली. आता परत गेला तर बंडखोर म्हणून फाशी. जिंकला आणि राजाला भरपूर पाठवलं तर मार्किस, म्हणजे बडा सरदार. दहा वर्षांनी तो खरंच मार्किस झाला. मला वाटतं हेतूंच्या यादीत 'परतीची वाट बंद' हेही लिहायला हवं.

सदाफुली

तुम्ही सगळे पैशांतच अडकलात. धर्म निव्वळ बहाणा होता असं म्हणायचंय का? मला पटत नाही. ज्यांनी पिढ्यानपिढ्या मूरांशी (स्पेनमधल्या मुसलमान सत्तांशी) लढून १४९२ ला ग्रानादा घेतलं, त्यांच्या लेखी धर्म आणि मुलूख हे एकच काम होतं. आणि बहाणाच असता तर धर्माने त्यांना अडचणीत आणलं नसतं. डिसेंबर १५११ मध्ये हिस्पॅनिओलावरच्या सांतो दोमिंगोच्या चर्चमध्ये आन्तोनिओ दे मोन्तेसिनोस या पाद्र्याने एन्कोमिएन्दावाल्यांना समोर बसवून विचारलं, ही माणसं नाहीत का? यांना आत्मा नाही का? सगळी वसाहत खवळली, प्रकरण राजापर्यंत गेलं. त्या बेटावरच बार्तोलोमे दे लास कासास होता. तो स्वतः एन्कोमिएन्दाचा धनी, पुढे ती सोडून आयुष्यभर इंडियन लोकांच्या बाजूने भांडला. १५५० मध्ये वायादोलिदला राजाने विद्वानांपुढे वाद ठेवला, अशा लढाया न्याय्य आहेत का म्हणून. लुटीसाठी निघालेलं दुसरं कुठलं राज्य एवढं स्वतःशी भांडलं?

नाना_फिरस्ते

सदाफुली, तुमचा मुद्दा मान्य, अर्धा. त्या प्रवचनातून जे निघालं तेही बघा. 'रेकेरिमिएन्तो' नावाचा जाहीरनामा, १५१३ च्या सुमाराला पालासिओस रुबिओस या कायदेपंडिताने रचलेला. हल्ल्याआधी तो वाचून दाखवायचा: देवाने पोपला जग दिलं, पोपने हा भाग आमच्या राजाला दिला, तर मुकाट्याने माना. नाहीतर तुमच्यावर, तुमच्या बायकापोरांवर जे ओढवेल त्याचा दोष तुमचा. हे स्पॅनिशमध्ये वाचायचं. रिकाम्या गावांपुढे, झाडांपुढेही वाचलं गेलं. शेजारी लेखनिक उभा, वाचल्याची नोंद करायला! लास कासासने म्हटलंय की हसावं की रडावं कळत नाही. सेनूच्या (आजच्या कोलंबियातल्या) सरदारांना मात्र दुभाष्याकडून अर्थ कळला तेव्हा त्यांनी सुनावलं की जे आपलं नाही ते वाटणारा पोप दारू प्यायलेला असावा आणि ते मागणारा राजा वेडा असावा. ही हकिगत तो कागद वाचून दाखवणाऱ्या एन्सिसोनेच छापली.

म्हणून मी म्हणतो, धर्म खरा होता, पण त्याचं रोजचं काम परवान्याचं होतं. १५७३ च्या फर्मानात तर 'विजय' हा शब्दच वापरू नका, 'शांतता प्रस्थापित करणं' म्हणा असं आलं.

पाटीपेन्सिल

हे आवडलं. सरकारी भाषा तेव्हापासूनची आहे तर.

सदाफुली

बेर्नाल दियासचं एक वाक्य आहे. आम्ही देवाची आणि राजाची सेवा करायला, अंधारात असलेल्यांना उजेड द्यायला गेलो, आणि संपत्ती मिळवायलाही, जी सगळेच शोधायला येतात. एका दमात म्हणतो तो. लाजतही नाही. मला त्याच्यात ढोंग दिसत नाही, तुम्हाला दिसत असेल तर दिसो.

पुएब्लाकर

उशिरा आलो. मी मेक्सिकोत, पुएब्लाला नोकरीला आहे, त्लास्काला इथून अर्ध्या-पाऊण तासावर. सगळा धागा स्पॅनिशांच्या हेतूंवर चाललाय, त्लास्कालाच्या माणसाला विचाराल तर तो म्हणेल आमचे हेतू कुठे गेले? पाचशे लोकांनी दोन लाखांच्या आसपास वस्तीचं शहर घेतलं असं कसं होईल? कोर्तेसबरोबर हजारोंनी त्लास्कालाचे आणि इतर शत्रू राज्यांचे योद्धे होते. त्लास्कालाभोवती आस्तेक साम्राज्याने कोंडी केली होती. त्यांना कापूस मिळत नव्हता, मीठसुद्धा मिळत नव्हतं. बिनमिठाचं जेवणाऱ्या लोकांना मीठ अडवणाऱ्याचा सूड घ्यायची संधी आली. आधी ते कोर्तेसशी लढले, मग हिशेब करून त्याच्या बाजूने आले. त्यांच्या दृष्टीने स्पॅनिश हे कामाला येतील असे परके. त्यात १५२० ला देवीची साथ आली आणि तिने शहराचं जे केलं ते कुणाच्याच हिशेबात नव्हतं.

आणि विजेते सगळे गोरे असंही नाही. हुआन गारिदो नावाचा आफ्रिकी माणूस कोर्तेसबरोबर होता. मेक्सिकोत गहू पहिल्यांदा पेरला तो त्याने, निदान त्याचा स्वतःचा दावा तसा आहे. १५३८ मध्ये त्याने राजाकडे अर्ज केला: मी इतकी वर्षं सेवा केली, सगळी स्वतःच्या खर्चाने, पगार नाही, इंडियन लोकांचं वाटपही मिळालं नाही, आता गरीब आहे.

मेतकूट_भात

बिनमिठाचं जेवण या एका मुद्द्याने मला मेक्सिकोचा विजय आजवर वाचलेल्या सगळ्यापेक्षा जास्त कळला. अवांतर: आपला पेरू आणि तो पेरू एकच का हो?

मांडवीकाठ

पेरूच्या व्युत्पत्तीवर वेगळा धागा काढा, नाहीतर हा धागा भरकटेल. मिरची, बटाटा, काजू, अननस, सीताफळ तिकडूनच आलं एवढ्यावर समाधान माना. आणि पोतोसीच्या डोंगरातली चांदीही आली, १५४५ ला तो सापडल्यानंतर. स्पॅनिश रिआल सुरतेला उतरायचे आणि टाकसाळीत वितळून मुघलांचे रुपये व्हायचे.

मोडी_वाचतो

पुएब्लाकर, त्या गारिदोच्या अर्जाने मी खुर्चीत सरळ बसलो. असे अर्ज सर्रास व्हायचे का?

पुएब्लाकर

ढिगाने! त्याला 'प्रोबान्सा' म्हणतात. मी अमुक साली अमुक मोहिमेत होतो, स्वतःच्या घोड्यानिशी, स्वतःच्या खर्चाने, इतक्या जखमा झाल्या, साक्षीदार हे हे, तरी मला एन्कोमिएन्दा मिळावी, नाहीतर हुद्दा, नाहीतर घराण्याला चिन्ह. साक्षीदारांना ठरावीक प्रश्न विचारून उत्तरं नोंदवलेली. नंतर मुलं-नातवंडंही बापजाद्यांच्या कामगिरीवर अर्ज करत राहिली. त्लास्कालाच्या सरदारांनीही केले, आम्ही नसतो तर तुम्ही नसता, म्हणून.

मोडी_वाचतो

मग हा आपला करीनाच की! जेधे करीना ज्यांनी वाचलाय त्यांना कळेल. घराण्याने काय काय केलं, कोण कुठे पडलं, कुणी हक्क बुडवला, सगळं रसभरित, आणि शेवटी मुद्दा एकच, आमचं वतन आम्हाला चालवावं. असला कागद वाचताना आम्ही दोन गोष्टी बघतो. माणूस कशाची फुशारकी मारतो आणि शेवटी काय मागतो. फुशारकीत देव, राजा, शौर्य असतं. मागणीत गाव, उत्पन्न, मान. धागाकर्ते, तुमच्या भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर मी तरी त्या अर्जांच्या शेवटच्या परिच्छेदात शोधेन.

दोन_घोट_चहा

हे भारी आहे, माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. असे कागद सेव्हियाला इंडीजच्या (म्हणजे स्पॅनिशांच्या अमेरिकेतल्या मुलखाच्या) दप्तरखान्यात आहेत. पुढच्या महिन्यात तिकडे जाणं आहे, बघायला मिळतात का विचारतो. पण माझं स्पॅनिश साइटवरच्या सुतारांशी बोलण्यापुरतं. सोळाव्या शतकातली अक्षरं बघून इथल्या माझ्या सहकाऱ्यानेही हात टेकले होते.

मोडी_वाचतो

नमुने पाहिलेत मी. त्यांच्या लेखनिकांची एक लपेटीची लिपी आहे, लेखणी न उचलता ओळच्या ओळ ओढलेली, शब्द कुठे तुटतो ते कळत नाही. आमच्या वर्गातल्या म्हाताऱ्यांना दाखवली तर म्हणतील, यात काय विशेष, दे इकडे. चांगल्या उजेडात, कागद सपाट ठेवून फोटो काढा आणि इथेच टाका.